मांडव्याच्या आश्रमातील चोर

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. ऋषी आश्रमाच्या दाराशी वृक्षाखाली बाहू उभारून, मौन धरून तपाला बसले होते. राजाचे शिपाई पाठीशी लागलेले काही चोर लुटीच्या मालासह त्या आश्रमात शिरले आणि लपले. मागोमाग शिपाई आले, त्यांनी चोरांचा ठाव विचारला. ऋषी बोलले नाहीत. झडती झाली, चोर सापडले, माल सापडला. ज्याच्या घरात चोर सापडतो तो चोराचा साथीदार, या सरळ हिशेबाने राजाने चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढविले. पुढे राजाला खरी हकीकत कळली, त्याने क्षमा मागितली आणि सूळ उपटून काढू पाहिला. पण तो निघेना. शेवटी बाहेरचा भाग कापून टाकावा लागला आणि आतले टोक, म्हणजे अणी, अंगात वागवीतच तो तपस्वी पुढे हिंडला. म्हणून त्याला अणीमांडव्य म्हणतात.

या कथेतील राजा चुकला, हे सांगायला मोठे शहाणपण लागत नाही. पण कथा थोडी अवघड करून पाहू. समजा, चोर आश्रमाच्या भिंतीत असे मुरले आहेत की आश्रम पाडल्यावाचून ते बाहेर येत नाहीत. समजा, हे चोर रोज रात्री गावातील एकेक गोठा ओस पाडीत आहेत आणि अधूनमधून एखादे मूलही उचलून नेत आहेत. आणि समजा, आश्रमवासी खरोखरच निरपराध आहे. किंबहुना आपल्या घरात कोणी लपले आहे याची त्याला वार्ताही नाही. आता राजाने काय करावे? निरपराध्याला हात लावू नये, असे म्हणून स्वस्थ बसावे, की गावाच्या रक्षणासाठी आश्रमावर चालून जावे?

हा प्रश्न मी तर्काच्या करमणुकीसाठी रचलेला नाही. आफ्रिका खंडात तो अर्धशतकाहून अधिक काळ प्रत्यक्ष उभा होता आणि त्याचे उत्तर बंदुकीने देण्यात आले. तेथील आश्रमवासी म्हणजे रानातील हरणे, रानम्हशी आणि रानडुकरे. चोर म्हणजे ट्रिपॅनोसोमा नावाचा, सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणाऱ्या बारीक माशासारखा दिसणारा परोपजीवी. आणि चोराला एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचविणारी म्हणजे त्सेत्से माशी. ही माशी रक्तावर जगते. तिने दूषित जनावराचे रक्त प्यायले की परोपजीवी तिच्या पोटात वाढतो, आणि पुढे ती ज्याला चावेल त्याच्या अंगात उतरतो. गुरांना त्याने जो क्षय लागतो त्याला झुलू लोक नागाना म्हणतात. माणसाला होतो तो निद्रारोग. आधी ताप येतो. मग रोग मेंदूत शिरतो, रात्रीची झोप उडते आणि दिवसा माणूस बसल्या जागी पेंगू लागतो. उपचार झाले नाहीत तर शेवट बहुधा मृत्यूच.

डेव्हिड ब्रूस हा ब्रिटिश लष्करातील डॉक्टर पत्नी मेरी हिच्यासह झुलूलँडमधील उबोंबो येथे राहिला आणि १८९५ साली त्याने नागानाचे मूळ शोधून काढले. आजारी गुरांच्या रक्तात त्याला हा जीव दिसला, तो माशी पसरविते हे त्याने प्रयोगाने दाखविले, आणि पुढे आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली: रानातील धडधाकट दिसणाऱ्या जनावरांच्या रक्तातही तोच जीव होता. गाय त्याने झिजून मरते. कुडू हरीण मात्र तो अंगात घेऊन निवांत चरत असते. हजारो वर्षांच्या सहवासात त्या दोघांत एक प्रकारचा तह झालेला आहे. परोपजीवीने यजमानाला मारायचे नाही आणि यजमानाने त्याला पुरते हाकलायचे नाही. गाय आणि तिचा धनी या तहात नंतर आलेले, म्हणून त्यांच्या वाट्याला युद्ध येते.

शास्त्रज्ञांनी अशा जनावरांना रोगाचे भांडार, रोगाचा साठा असे नाव दिले. सोयीचा शब्द आहे. पण सोयीचे शब्द कधीकधी आपल्यासाठी विचार करून टाकतात. साठा म्हटले की कोठार डोळ्यांसमोर येते. कोठाराला प्राण नसतो, पिले नसतात, भीती नसते. शिवाय साठा कोणीतरी करून ठेवलेला असतो, कोणाच्या तरी हेतूने. हरणाने कसलाही साठा केलेला नाही. आपल्या बाजूने पाहिले म्हणून ते साठा झाले. त्याच्या बाजूने पाहिले तर ते केवळ हरीण आहे. परंतु एकदा शब्द रूढ झाला की पुढचे वाक्य आपोआप सुचते: साठा नष्ट करा.

आणि तसेच झाले. योगायोग असा की उम्फोलोझीचे अभयारण्य जाहीर झाले तेही १८९५ सालीच. म्हणजे ज्या वर्षी त्या प्रदेशातील प्राण्यांना अभय मिळाले, त्याच वर्षी त्यांच्याविरुद्धचे आरोपपत्रही लिहिण्यास घेतले गेले. १९२९-३० साली त्या अभयारण्याच्या आसपास २५ हजारांहून अधिक जनावरे मारली गेली. १९४२ ते १९५० या काळात पुन्हा मोहीम निघाली आणि त्या वेळी आकडा ७० हजारांच्या घरात गेला. गेंडे तेवढे वगळले होते, कारण पांढऱ्या गेंड्याचे ते शेवटचे आश्रयस्थान होते. त्या वेळच्या दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, माशीच्या पट्ट्यातील रान मोकळे करण्यासाठी काही दशकांत ५ लाखांहून अधिक वन्य पशू मारले गेले. लढाईत पडलेल्यांची गणती होते तशी या प्राण्यांची जातवार गणती सरकारी अहवालांत झाली.

खुद्द ब्रूसचे मत काय होते? माशीच्या प्रदेशात वन्य पशूंना कायद्याचे संरक्षण देणे म्हणजे आपल्या गावात पिसाळलेल्या कुत्र्यांना संरक्षण देण्यासारखे आहे, अशा अर्थाची तुलना त्याने पुढे एका व्याख्यानात केली. मोठ्या शास्त्रज्ञाची ही तुलना जरा थांबून तपासली पाहिजे. पिसाळलेला कुत्रा स्वतः रोगी असतो, त्याचे मरण ठरलेले असते आणि तो अंगावर धावून येतो. हरीण रोगी नाही, मरणोन्मुख नाही आणि धावून येण्याऐवजी माणसाची चाहूल लागताच पळून जाते. आपल्या स्मृतिकारांनी आततायी सहा सांगितले: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा, आणि धन, शेत व स्त्री हरण करणारा. अशाला मारण्यात दोष नाही, असे ते म्हणतात. हरणाच्या रक्तातून शेवटी विषच आपल्या गोठ्यापर्यंत पोहोचते हे खरे. पण विष घालण्यासाठी हात लागतो आणि हातामागे हेतू लागतो. हरणाजवळ दोन्ही नाहीत. ते कारण आहे, अपराधी नाही. कारण आणि अपराध या दोन गोष्टी आपण रोजच्या व्यवहारात एकमेकींत मिसळून टाकतो, आणि रागाच्या भरात तर त्या कधीच वेगळ्या राहत नाहीत.

एवढे बोलून मी थांबलो तर वाचक मला सहज टाळी देतील. पण ती टाळी फार स्वस्तात मिळविलेली ठरेल. कारण या खटल्यात दुसरी बाजू आहे आणि ती अतिशय वजनदार आहे. १९०० ते १९२० या काळात युगांडात, व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर काठाला निद्रारोगाची साथ आली आणि तीत २ लाखांहून अधिक माणसे दगावली. गावेच्या गावे ओस पडली. जेथे माशी आहे तेथे बैल टिकत नाही; बैल नाही म्हणून नांगर नाही, खत नाही, दूध नाही. माशीने विस्तीर्ण प्रदेशातल्या शेतकऱ्याच्या हातात केवळ कुदळ ठेवली. आपल्याकडे ज्याची एक बैलजोडी बसली त्याच्या घरी काय अवस्था होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला तेथल्या माणसाचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अशा माणसापुढे जाऊन, कुडू निरपराध आहे, हे सांगण्याचा अधिकार कोणाला? ज्याचा गोठा भरलेला आहे आणि ज्याचे मूल सुखरूप आहे, त्याला तर मुळीच नाही.

शिवाय, प्राणी मारून माशी जाते ही कल्पना निराधारही नव्हती. १८८७ च्या सुमारास इरिट्रियाच्या किनाऱ्यावर परदेशी गुरांबरोबर बुळकांड्याची साथ उतरली आणि दहा वर्षांच्या आत ती खंडाच्या दक्षिण टोकाकडे पोहोचली. गुरे मेली, रानम्हशी मेल्या, हरणे मेली. आणि काय आश्चर्य, ट्रान्सवालसारख्या कित्येक भागांतून त्सेत्से माशीही नाहीशी झाली. तिचे अन्नच संपले होते. निसर्गाने जे एकदा करून दाखविले ते आपण योजनेने का करू नये, असा विचार त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या मनात आला तर तो वेडेपणाचा नव्हता.

आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. या माशीमुळे आफ्रिकेतील रान वाचले, असे म्हणणारे निसर्गप्रेमी पुष्कळ झाले. जेथे माशी तेथे गुरे नाहीत, म्हणून तेथे हत्ती, सिंह, जिराफ उरले. हे म्हणणे खरे असेल. पण त्यात जी तृप्ती असते ती मला खटकते. ज्यांच्या मुलाबाळांच्या आणि गुरांच्या जीवावर हे कुंपण उभे होते, त्यांना कोणी विचारले नव्हते. वसाहतीच्या काळात तर तेथील रहिवाशाला आपल्याच रानात शिकारीची बंदी आणि गोऱ्या पाहुण्याला परवाना, असाही न्याय चालत असे. दुसऱ्याच्या घराचे दार उघडे ठेवून आपण अहिंसेचे पुण्य जोडावे, हा धर्म नव्हे. ज्या करुणेची किंमत शेजारी भरतो, ती करुणा उसनवारीची आहे.

मग पेच कसा सुटावा? मला वाटते, तो सोडविण्यासाठी याच रोगाच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. ती अशी की, या परोपजीवीचा साठा केवळ वन्य पशूंत नसतो. तो तीन ठिकाणी असतो, आणि तिन्ही ठिकाणी आपण निरनिराळे वागलो.

पहिले ठिकाण रानातील पशू. त्यांचे काय झाले ते वर आलेच आहे.

दुसरे ठिकाण गाय. पूर्व आफ्रिकेत निद्रारोगाचा जो तीव्र प्रकार आढळतो, त्याचा जीव गुरांच्या रक्तातही राहतो, आणि कित्येकदा गुरे त्याने फारशी आजारीही दिसत नाहीत. १९९८ च्या सुमारास युगांडातील सोरोटी भागात, जेथे हा रोग पूर्वी नव्हता तेथे, माणसे आजारी पडू लागली. शोध केला तेव्हा तो बाजारातून विकत आणलेल्या गुरांबरोबर आल्याचे दिसून आले. येथे साठा होता गोठ्यात, दावणीला. पण गाई-बैलांना गोळ्या घालाव्यात असे कोणी सुचविले नाही. २००६ साली तेथे मोठी मोहीम काढून हजारो गुरांना परोपजीवी मारणारे इंजेक्शन दिले गेले आणि त्यांच्या अंगावर माशी मारणारे औषध फवारले गेले.

तिसरे ठिकाण म्हणजे स्वतः माणूस. पश्चिम व मध्य आफ्रिकेत जो सावकाश चालणारा निद्रारोग आहे, त्याचा मुख्य साठा मनुष्यच. अंगात रोग असूनही तो काही महिने, कधी काही वर्षे, हिंडता-फिरता राहतो आणि माशीला रक्त पुरवितो. कॅमेरूनमध्ये यूजीन जामो या फ्रेंच डॉक्टरने १९२० च्या दशकात सूक्ष्मदर्शक घेतलेल्या फिरत्या तुकड्या गावोगाव नेल्या, माणसांच्या मानेच्या गाठी तपासल्या आणि सापडेल त्याला औषध टोचले. त्या काळची आर्सेनिकयुक्त औषधे कित्येकांची दृष्टीही घेत. काही वसाहतींत रोग्यांना बळजबरीने छावण्यांत डांबले गेले, वस्त्या उठविल्या गेल्या. मनुष्यालाही साठा हाच शब्द लावला गेला. फरक इतकाच की तो साठा नष्ट करा असे कोणी म्हटले नाही. पण ज्यांना छावणीत ढकलले ते राज्यकर्त्यांच्या नात्यागोत्याचे असते, तर तेवढ्या निष्ठुरपणे ढकलले गेले असते का, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

साठा एकच, चोर एकच. हरणाला गोळी, माणसाला छावणी, गाईला सुई. हा फरक कशावरून ठरला? धोक्याच्या प्रमाणावरून नव्हे. कारण दारातील गाय रानातील हरणापेक्षा माणसाला अधिक जवळची, म्हणजे अधिक धोक्याची. अपराधावरूनही नव्हे, कारण अपराध तिघांपैकी कोणाचाच नाही. फरक ठरला तो केवळ जवळिकीवरून. जो आपला त्याच्यासाठी आपण उपाय शोधीत बसतो. जो आपला नाही त्याच्यासाठी पहिला सुचलेला उपाय आपल्याला पुरेसा वाटतो.

यावर कोणी म्हणेल, रानातल्या हरणाला पकडून सुई टोचता येते काय? येत नाही, हे मान्य. जवळिकीचा विचार अजिबात करू नये, असेही माझे म्हणणे नाही. घर पेटले असता माणूस आधी आपले मूल बाहेर काढतो आणि त्याला कोणी स्वार्थी म्हणत नाही. परंतु आपले मूल आधी वाचविणे वेगळे, आणि दुसऱ्याचे मूल आगीत टाकून आग विझते का ते पाहणे वेगळे. जवळीक आपल्याला रक्षणाचा क्रम शिकविते. मारण्याचा परवाना देत नाही.

या संदर्भात १९५८ साल मला महत्त्वाचे वाटते. गुरांच्या नागानाबाबत रानातील पशूंवरचा आरोप ब्रूसच्याच काळी शाबीत झाला होता; पण माणसाच्या निद्रारोगाबाबत शंकेला जागा होती. कारण गुरांचा परोपजीवी आणि माणसाचा परोपजीवी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखे दिसतात. पहिला माणसाच्या रक्तात मरतो, दुसरा तगतो, एवढाच भेद. १९५८ साली केनियात एका झुडपी हरणाच्या रक्तातील परोपजीवी वेगळा काढून तो एका स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसाच्या अंगात टोचण्यात आला आणि त्याला निद्रारोग झाला. असा सरळ पुरावा हाती आला तोपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी लाखांनी झालेली होती! आणि दुसरी गोष्ट: हरणावरचा आरोप तपासण्यासाठी एका माणसाने आपले शरीर पुढे केले. त्या दोन वर्तनांत जे अंतर आहे, तेच मला या सगळ्या प्रकरणात नीतीचे अंतर वाटते. एकाने संशयावरून दुसऱ्याचे प्राण घेतले. दुसऱ्याने सत्य कळावे म्हणून स्वतःचे रक्त दिले.

हे सगळे दूरच्या खंडातले आहे, असे समजून आपल्याला सुटका नाही. या जातीच्या जीवांपैकी रोगाला कारण होणारा पहिला परोपजीवी सापडला तो हिंदुस्थानातच. १८८० साली डेरा इस्माईलखान येथे, जे आज पाकिस्तानात आहे, ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला तो घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात आढळला. त्या रोगाला सर्रा म्हणतात, आणि इंग्रजी कोशकार त्या नावाचे मूळ आपल्या मराठीतील, नाकपुडीतून येणाऱ्या श्वासाला म्हणतात त्या ‘सूर’ या शब्दापर्यंत नेतात. घोडा आणि उंट सर्ऱ्याने मरतात. बैल आणि म्हैस मात्र बहुधा तो जीव अंगात मुरवून कामाला उभे राहतात. म्हणजे घोड्याच्या दृष्टीने पाहिले तर आमचा बैलच रोगाचा साठा! पण घोडा वाचविण्यासाठी बैल मारावा असे कोणत्या शेतकऱ्याला सुचेल?

माणसाला सर्रा होत नाही, असे शतकभर मानले जात होते. माणसाच्या रक्तात एक प्रथिन असते, अपोलायपोप्रोटीन एल-१ त्याचे नाव. ते या जातीच्या बहुतेक परोपजीवींना मारून टाकते. २००४ साली विदर्भातील एका शेतकऱ्याच्या रक्तात मात्र सर्ऱ्याचा जीव सापडला. तपासाअंती कळले की हे प्रथिन तयार करणारे जनुक त्याला आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून, सदोषच मिळाले होते. त्याला औषध मिळाले आणि तो बरा झाला. पण या घटनेने एक गोष्ट शिकविली. आम्ही आणि जनावरे यांच्यामधली जी भिंत आपल्याला दगडी वाटते, ती एका प्रथिनाच्या जाडीची आहे. हरीण साठा झाले आणि आपण झालो नाही, यात आपले कर्तृत्व काहीच नाही.

तशीच गोष्ट माकडतापाची. तो विषाणूचा रोग, आणि तो पसरविते ती गोचीड. म्हणजे शास्त्राच्या वर्गवारीत त्याचे घराणे वेगळे. पण नीतीचा प्रश्न तोच. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला, आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याने माणसे घेतली. नाव माकडाचे, पण माकड येथे चोर तर नाहीच, साथीदारही नाही. जंगलात आधी मरते ते माकड. ते मेले की अंगावरच्या गोचिडी जमिनीवर उतरतात आणि पालापाचोळा गोळा करायला गेलेल्या माणसाला चिकटतात. मेलेले माकड म्हणजे वस्तुतः जंगलाने दिलेला इशारा. आपण मात्र इशारा देणाऱ्याचेच नाव रोगाला दिले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गोठा वाचवायचा आहे, मूल वाचवायचे आहे, आणि वाहक निरपराध आहे. माझे उत्तर थोडक्यात असे: निरुपाय झाला असता माणसाला आपल्या रक्षणासाठी निरपराध जीवही मारावा लागेल, आणि त्याला मी पापी म्हणणार नाही. पण तो निरुपाय खरा असला पाहिजे. ज्याने दुसरा उपाय शोधलाच नाही, त्याला निरुपाय झाला असे म्हणता येत नाही. त्याची फक्त घाई झालेली असते. वाहक जितका निर्दोष आणि जितका मुका, तितकी उपाय शोधण्याची जबाबदारी अधिक; कारण तो मांडव्यासारखाच मौनात आहे, आपल्या बाजूने एक शब्दही बोलू शकत नाही.

आणि उपाय होते. झुलूलँडमध्ये १९३० च्या सुमारास हॅरिस या कीटकशास्त्रज्ञाने जनावराच्या आकाराचा भास होईल असा पिंजरा करून त्यात माश्या पकडून दाखविल्या होत्या. तेथील माशी अखेर १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात गेली ती १९४५ पासून विमानांतून फवारलेल्या डीडीटीमुळे. त्या औषधाने आपले वेगळे कर्ज मागे ठेवले, ही गोष्ट निराळी. पुढे माशीचा अधिक बारकाईने अभ्यास झाला. ही माशी इतर माश्यांसारखी शेकड्यांनी अंडी घालीत नाही. मादी एका वेळी एकच अळी पोटात वाढवून जन्माला घालते. त्यामुळे दररोज शेकडा ४ माद्या जरी सतत कमी होत राहिल्या, तरी त्यांची संख्या ढासळत जाते. झिंबाब्वेत संशोधकांनी हेही ओळखले की तिला बैलाच्या श्वासाचा वास खेचून आणतो आणि निळा रंग भुलवितो. मग त्या वासाची द्रव्ये बाटलीत भरून, शेजारी माशीनाशक औषधात बुडविलेले निळे-काळे कापड उभे केले, की माशी हरणाऐवजी कापडावर येऊन बसते आणि मरते. झांझिबारच्या मुख्य बेटावर किरणोत्साराने वांझ केलेले नर सोडून १९९७ पर्यंत माशी पूर्ण नाहीशी केली गेली. माणसांतील रोगी शोधून त्यांना औषध देण्याचे कामही नेटाने चालले. या सगळ्याचे फळ म्हणून २०१८ पासून निद्रारोगाचे नोंदलेले रुग्ण संपूर्ण खंडात वर्षाला हजाराच्या आत राहिले आहेत. हे यश हरणांच्या प्रेतांच्या राशीवर उभे नाही. ते उभे आहे गावोगाव फिरणाऱ्या तपासनिसांच्या पायांवर आणि काठीला बांधलेल्या निळ्या कापडावर.

ही गोष्ट नीट पाहिली तर तिच्यात चमत्कार नाही. माशीच्या सवयी १९२० सालीही त्याच होत्या. बैलाचा श्वास तेव्हाही तोच होता. उणीव होती ती वाहकाला शत्रू न समजता त्याच्याकडे पाहण्याची. बंदूक हाती असली की डोळा नेमाकडे जातो. माशीकडे जात नाही. ज्याला हरीण मारायचे नाही असे एकदा ठरले, त्याला माशी ओळखावीच लागली. म्हणून मला वाटते, अहिंसा ही केवळ भावना नव्हे. ती बुद्धीलाही कामाला लावते. सोपा मार्ग बंद केला म्हणजे बुद्धी दुसरा मार्ग काढते, आणि पुष्कळदा तो अधिक खरा निघतो.

मांडव्याच्या कथेचा उत्तरार्ध फार थोड्यांच्या लक्षात असतो. सुळाचे टोक अंगात घेऊन तो ऋषी यमधर्माच्या दरबारी गेला आणि त्याने विचारले, असे कोणते पाप मी केले म्हणून मला ही शिक्षा? यमधर्माने वही पाहून सांगितले, लहानपणी तू कीटकांना गवताच्या काडीने टोचले होतेस. तेव्हा ऋषी संतापला. एवढ्या लहान अपराधाला एवढी मोठी शिक्षा कशी, असे म्हणून त्याने धर्मालाच मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप दिला, तोच विदुर. आणि त्याने एक मर्यादा घालून दिली: चौदा वर्षांच्या आतील मुलाने केलेल्या कृत्याचे पाप धरू नये, कारण त्याला कळत नसते.

त्या मर्यादेत मोठी क्षमा आहे, तशी मोठी अटही आहे. चौदा वर्षांपर्यंतच ती क्षमा. १८९५ च्या आधी माणसाला माशी ठाऊक होती, पण तिच्या पोटातला चोर ठाऊक नव्हता. पुढे कळले ते अर्धे कळले, आणि अर्ध्या ज्ञानाच्या भरात लाखो जनावरे मारली गेली. त्या माणसांचा न्याय करायला मी बसलेलो नाही. आज मात्र चोर कोणता, आश्रम कोणाचा आणि वाट कोठून जाते, हे आपल्याला पुष्कळसे ठाऊक झाले आहे. या विषयात माणसाचे वय चौदाच्या पुढे गेले आहे. यापुढे एखाद्या रानातून नवा ताप आला आणि कोणी वटवाघळाकडे, माकडाकडे किंवा हरणाकडे बोट दाखवून ‘साठा नष्ट करा’ असे म्हणाला, तर त्याला आपण दोनच प्रश्न विचारावेत. दुसरा उपाय तू शोधलास का? आणि हाच साठा तुझ्या गोठ्यात असता, तुझ्या घरात असता, तर तू काय केले असतेस?

या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळेपर्यंत सूळ उभारण्याची घाई करू नये. तो चढवायला फार वेळ लागत नाही. पुरता काढता मात्र येत नाही.